दुपारचा डबा

काल कॉलेजची एक मुलगी फॉर्म घेऊन घरी आली. मुली सायन्सला कमी का जातात, याचा अभ्यास करतेय म्हणाली.

"आजोबा, तुमच्या मुलीनं सायन्स का नाही घेतलं?"

तिच्या हातातला कागद बघून लेकीचा अकरावीचा फॉर्म आठवला. सकाळची वेळ होती. बायको भाकरी थापत होती, लेक दाराला टेकून उभी. मी म्हणालो, "सायन्सचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. तुझी आई विडी कारखान्यात. मग दुपारी यंत्रमागावर माझा गरम डबा कोण आणणार?"

बायकोचे हात थांबले. "एक येळ उपाशी ऱ्हावा की! पोरगी लई हुशार हाय."

मी आर्ट्सपुढं सही ठोकली. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उलटली नाही.

तेव्हा बायको उलट बोलली म्हणून राग आला होता. आता कळतं, घरात शहाणी तीच होती. तिला जाऊन वर्ष झालं. हे तिला सांगायचं राहिलं.

"लिही, बापाला दुपारी गरम डबा पाहिजे होता."

"आजोबा, असं कारण फॉर्मात नाहीये."

"मग समासात लिही. अन् माझं नाव घालून लिही."