'समान' आहे आणि 'वेगळं'ही आहे म्हणे!

विद्यापीठाचा नामविस्तार होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हाच्या औरंगाबादेत, वाळूजच्या एका कारखान्यात मी नोकरभरतीचा कॉम्प्युटर प्रोग्राम सांभाळत होते... सांभाळत कसली, त्याच्या नावानं बोटं मोडत होते!

त्या दिवशी लॅबच्या जागेसाठी मुलाखती होत्या. वैजापूरची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बीएस्सी आपल्याच विद्यापीठाची, जुन्या नावाची. एमएस्सीही तिथलीच, फक्त नव्या नावाची.

दोन्ही पदव्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या. पहिल्या स्क्रीनवर आलं, 'विद्यापीठ एकच'. पुढच्या स्क्रीनवर, 'विद्यापीठ वेगळं, मायग्रेशन सर्टिफिकेट जोडा'. अहो, जी पोरगी कुठं गेलीच नाही, ती मायग्रेशन आणणार कुठून? आणि ते नसेल तर मुलाखत नाही, असा साहेबांचा नियम!

कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. 'समान आहे का' हे मी लिहिलं होतं, विद्यापीठाच्या कोड नंबरावरून. 'वेगळं आहे का' हे लिहिलं होतं शेजारच्या टेबलावरच्या सुधीरनं, नावाची अक्षरं जुळवून. म्हणजे विद्यापीठ समानही आणि वेगळंही!

अरे बाबा, एकानं हो म्हटलं की दुसऱ्यानं नाही म्हणायचं, एवढंच तर काम होतं... सुधीर म्हणतो, "टेस्ट केलं होतं की." काय केलं होतं, देव जाणे.

तोवर साहेबांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली. मुलगी रडवेली झाली. तिचे वडील उठून माझ्या टेबलापाशी आले.

"म्याडम, नाव बदललं म्हणून विद्यापीठ बदललं व्हय? नामांतराच्या लढ्यात या नावापायी म्या जेलात बसलो. अन् तुमची मशीन म्हनती, येगळं हाय!"

आमच्यासाठी ती दोन ओळींची भानगड होती...

सुधीरचा कोड सरळ उडवला. 'वेगळं' विचारलं की आधी 'समान'ला विचारायचं आणि उत्तर उलटं करून द्यायचं, बस्स. पुन्हा चालवलं. दोन्ही स्क्रीनवर 'विद्यापीठ एकच' आलं आणि साहेबांनी तिला आत बोलावलं.

वडील स्क्रीनवर वाकले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "चला... मशीनला बी मान्य झालं म्हनायचं."

मी हसले. नुकताच वाचायला शिकल्यासारखा तो माणूस ती एक ओळ बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि ती माझ्या हातून लिहिली गेली होती, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.