पडवीतलं अंथरूण

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन मी गोव्याहून देवगडला घरी आले, तर जावेने मला कुठल्याच कामाला हात लावू दिला नाही. "तू बस गो, आमी आसव मा," म्हणायची. मायेनेच म्हणायची. पण सगळं घर माझ्याभोवती चालायचं आणि मी आपली खुर्चीत. गाठीबरोबर मलाही बाजूला काढून ठेवल्यासारखं वाटायचं. शेवटी एका दुपारी तिला म्हटलं, "माका काम दी. एकच हात चालता, पण चालता मा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने चवळीच्या शेंगा माझ्यापुढे ओतल्या.

माझ्यामागोमाग आमच्याच वाडीतल्या एका बाईचं तेच ऑपरेशन झालं. नवरा मासेमारीला जाणारा, मुलगी लग्न होऊन सासरी. तपासणीला गोव्याला आम्ही दोघी बरोबर जायचो. तिचा डावा हात सुजायचा. एसटीत मी माझी पिशवी मध्ये ठेवायचे आणि तिचा हात त्यावर उंच टेकवायचे.

अशाच एका खेपेला मी तिला माझं शेंगांचं सांगितलं. ती हसली. "तुझा बरा आसा वयनी. कामाचा बोलाक येता."

"तुझा काय आसा?"

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून तो पडवीत निजता. माझी घाण वाटत असतली."

"तेका इचार तरी."

"ह्या कसा इचारतलंय?"

उरलेली वाट मी तिचा चांगला हात धरून बसले.

पुढल्या पावसाळ्यात दुखणं तिच्या हाडांत उतरलं. चतुर्थीच्या आधी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर तिचा नवरा आमच्याकडे आला. चहा पुढे ठेवला तो निवून गेला. हा माणूस माझ्याशी कधी दोन वाक्यांच्या वर बोललेला नव्हता.

"वयनी, तिका काय दुखायचा ता तुका सांगी काय गो?"

"सांगी कधी कधी."

"माका कधी सांगूक नाय." तो जमिनीकडे बघत होता. "माझो हात जड. झोपेत टाक्यांक धक्को लागात म्हणान मी पडवीत निजाक लागलंय. मगे टाके सुकले, पण तिना काय हाक मारूक नाय. माका वाटला, तिका एकट्यानच बरा वाटता."

तिने एसटीत सांगितलेलं आता त्याला सांगून काय झालं असतं? जन्मभर त्याला पडवीत झोप लागली नसती.

"हात दुखायचो तिचो," मी म्हटलं. "डावो."

त्याने मान हलवली आणि उठून गेला.

आता आसपासच्या आणि लांबच्याही गावांत कुणी बाई ऑपरेशन करून आली की मला बोलावतात. धीर देईन असं त्यांना वाटतं. मी फक्त त्यांना काय हवं ते विचारते, "तुका काय होया?" कुणाला केस गेल्याचं रडायचं असतं, कुणाला भेटायला येणारी माणसं नको असतात. परवा आरोंद्याला एक तरुण मुलगी, लहान मूल पदरात. "काय नको," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या सासूने मला दोनदा खूण केली, आता निघा म्हणून. मी तिच्या पायाशी तशीच बसून राहिले.