माती खाल्ली का?

नव्या माठाचा वास आला की मला बुलढाण्याचा तो दवाखाना आठवतो. जिना चढताना मला धाप लागायची, आणि कारण सापडेपर्यंत बोर्डिंगच्या इंग्रजी शाळेत परत पाठवायचं नाही, असं घरी ठरलं होतं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, “माती खाल्ली का, पोरी?” सोबत आलेली आत्या ताडकन उठली. “काय बोलून राह्यले डॉक्टरसाहेब? आमची पोरगी तशी नाही!” माझं मराठी बेताचंच, म्हणून मी खरं ते सांगितलं, “हो. रोज थोडी थोडी.” आत्या मटकन बसली. “कोनासंगं वं?” “एकटीच. फुटक्या माठाची.” डॉक्टर हसू आवरत म्हणाले, “रक्त कमी आहे. गोळ्या द्या आणि शाळेत पाठवा.” आत्यानं हात जोडले, “माती तं माती, देव पावला!” ती एवढी का घाबरली होती, ते मला कॉलेजात मराठीच्या तासाला वाक्प्रचार शिकताना कळलं, आणि भर वर्गात मी एकटीच हसत सुटले.