नळावरचं हळदकुंकू

शेजारच्या दत्ताभाऊंच्या दारातल्या नळावर उद्घाटनाचं हळदकुंकू अजून तसंच आहे. पाणी आलं असतं तर केव्हाच धुऊन गेलं असतं. आज सकाळी टँकरच्या रांगेत, हातात रिकामे हंडे घेऊन, हेच दत्ताभाऊ पुढे उभ्या असलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काही म्हणा, आपल्या साहेबांनी घरोघरी पाणी आणलं!"

माझं डोकंच फिरलं. "अहो भाऊ, मग आपण इथे कशाला उभे आहोत?"

ते माझ्या कानाशी वाकले. "नळ कोरडाय, ते मला दिसत नाही होय? पण तसं बोललो तर उद्या अडीनडीला कोण धावणार? हीच माणसं ना?"

एरवी मी मूर्खासारखा पुरावे देत बसतो; आज मात्र उलगडलं. नळाला धार लागली असती तर हे वाक्य कुणीही बोललं असतं. कोरड्या नळासमोर ते बोलायला साहेबांचाच माणूस लागतो. म्हणूनच ते कितीही खोडून काढलं तरी मरत नाही. राग काढायचा तरी कुणावर?

तेवढ्यात पुढून एका कार्यकर्त्याची हाक आली, "भाऊंना पुढे येऊ द्या रे!"

भाऊंचे हंडे भरले. माझा नंबर यायच्या आत टँकर संपला.