ओळंब्याची भिंत आणि बिनतारी इंटरनेट

पाच वाजता ओळंब्याचा दिवस सुरू व्हायचा. सगळं आयुष्य त्याने गवंडीकाम केलं. दुसऱ्याची भिंत दिसली की आधी दोरीला बांधलेलं वजन सोडून ती सरळ आहे का ते बघायचं, ही त्याची खोड. म्हणून लोकांनी त्या वजनाचंच नाव त्याला ठेवलं. आता गुडघे परांचीवर चढू देत नव्हते. कुणाची न्हाणी गळते, कुणाचा ओटा उखडला, एवढंच काम तो घ्यायचा. पण उठायचं पाचलाच. काम कमी म्हणून झोप वाढवायची, ही त्याला लबाडी वाटे.

त्या दिवशी उठून तो स्वयंपाकघरात आला, तर सून शेगडीशेजारी स्टुलावर लॅपटॉप मांडून, कानांवर हेडफोन चढवून, सगळं चालतंय का ते बघत बसलेली.

"इथे का बसलीस?"

"आत येत नाही, बाबा."

"काय येत नाही?"

"इंटरनेट."

आदल्याच दिवशी कंपनीच्या माणसाने बाहेरच्या खोलीत डबा बसवला होता. सुनेला नोकरी लागली होती. वॉशिंग मशिनच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्याही घरी बसून. ती बऱ्याच ठिकाणी मुलाखती देऊन आली होती आणि सगळ्यांनी "कळवतो" म्हटलं होतं. या मशिनवाल्यांनी खरंच कळवलं. पहिला महिना कसोटीचा होता. अटी दोन: बोलणं मध्येच तुटता कामा नये आणि घरातला आवाज गिऱ्हाइकाच्या कानी पडता कामा नये. मुलगा मालाची गाडी चालवायचा, आठवडा-आठवडा बाहेर असायचा. दिवसभराच्या त्या रिकामपणातून सुनेला ही एकच वाट सापडली होती.

आतल्या खोलीत शांतता होती, पण इंटरनेट नव्हतं. इंटरनेट स्वयंपाकघरापर्यंत यायचं आणि तिथे भांडी होती.

बाहेरच्या आणि आतल्या खोलीमधली भिंत ओळंब्याने बांधलेली. घर घेतलं तेव्हा तिथे बिल्डरची भिंत होती. नखाने टोकरली तर वाळू गळायची. ओळंब्याने ती पाडली, विटा भिजवल्या, नवी उभी केली. दोन्ही अंगांनी तारेची जाळी ठोकली आणि वर गिलावा केला. जाळी लोक सांध्यापुरती लावतात. त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावली. सगळे कंत्राटदार त्याला एकच म्हणत आले होते, "एवढं कशाला?" इथे तसं म्हणणारा कुणी नव्हता. आतल्या खोलीचं दार स्वयंपाकघरातून होतं, त्यामुळे भिंतीत दारापुरतीही फट नव्हती.

संध्याकाळी कंपनीचा माणूस पुन्हा आला. मोबाइल हातात धरून इकडून तिकडे फिरला, भिंतीवर बोटाने ठोकलं.

"काका, ही कुणी बांधली?"

"मी."

"आत जाळी आहे? पूर्ण?"

"अर्धवट काम मी करत नाही."

"फारच भक्कम आहे."

"आहेच."

"म्हणूनच लाटा अडतात. लोखंड त्यांना पुढे जाऊ देत नाही. एक भोक पाडू, वायर आत घेऊ. पाच मिनिटांचं काम."

"हे बिनतारी आहे ना?"

"हो."

"मग तार कशाला?"

कंपनीचा माणूस हसला. "माझ्या भिंतीला भोक पडणार नाही," असं सांगून ओळंब्याने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

पुढचे दोन दिवस जो भेटेल त्याला तो ऐकवत होता, "कंपनीचा माणूस म्हणाला, फारच भक्कम भिंत!" 'म्हणूनच'च्या पुढचं तो कुणाला सांगत नव्हता.

दोष डब्याचा होता, असं त्याचं मत पडलं. कंपनीने तो वाकडा टांगला होता. ओळंब्याने लेव्हलची पट्टी लावली, डबा काढला, नीट आडव्या रेषेत बसवला. मग वरच्या दोन्ही काड्यांना दोरी सोडून त्या काटकोनात उभ्या केल्या. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, आता त्याला गिलावापण करून टाका. उन्हापावसाची चिंता नको."

"तुला कळतंय का काही?"

"मला एवढंच कळतंय, की माझ्याच घरात मला चमचा वाजवायची चोरी झाली."

ते खरं होतं. ती भाजी चिरायला गच्चीत जायची. ओळंबा चहा न फुरकता प्यायचा, आणि तसा प्यालेला चहा त्याला चहाच वाटत नव्हता. तरी एकदा झाकण पडलंच. फोनवरच्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "काय हो, काय फुटलं?" सून म्हणाली, "काही नाही मॅडम, तुमच्या मशिनबद्दलच बोलू या." बाई म्हणाल्या, "माझं मशिन तरी एवढं वाजत नाही!"

त्या दुपारी सुनेच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. ओळंबा समोरच बसला होता, त्यामुळे सुनेच्या बोलण्यावरून त्याला सगळं समजलंच. शनिवारपर्यंत आवाज बंद झाला नाही, तर तिच्या जागी दुसरी मुलगी घेणार होते.

सुनेने हेडफोन काढून ठेवले. "राहू दे बाबा. भिंतीला हात नका लावू. मीच त्यांना नाही म्हणून कळवते."

तिने बायकोसारखा टोमणा मारला असता, तर ओळंब्याकडे उलट उत्तर तयार होतं. तो उठला. "तो लॅपटॉप घेऊन आत चल. मला बघू दे काय दिसतं."

आत पडद्यावर नावांची रांग होती.

"हे कोण?"

"वरच्या मजल्यावरचे नळवाले."

"आणि हे?"

"समोरच्या इमारतीतलं कुणीतरी."

"यांच्या रेघा पूर्ण?"

"पूर्ण."

"आपल्या?"

"आपलं नावच येत नाही, बाबा."

परक्यांचं इंटरनेट रस्ता ओलांडून, कंत्राटदाराच्या भिंती भेदून आत येत होतं. घरचं तेवढं त्याच्या भिंतीशी थांबत होतं. भिंतीला कान असतात म्हणतात, हिने तेही बुजवले होते. नळवाला जिन्यात भेटला, तेव्हा त्याने आणखी मीठ चोळलं. "माझ्या भिंतीतून शेजारणीची शिंक येते, राव. इंटरनेट काय मोठं लागून गेलंय!"

शुक्रवारी ओळंब्यानेच कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने ड्रिल लावलं. गिलावा फुटला, मग पातं जाळीत अडकलं. त्याने जोर केला. यंत्रातून धूर आला आणि ते बंद पडलं.

"काका, ही भिंत आहे की किल्ला?"

"हो बाजूला."

ओळंब्याने छिन्नी आणि हातोडा घेतला. भिंत नखभर तुकडे द्यायची, त्याहून जास्त नाही. जाळीची एकेक तार वेगळी करून तोडावी लागली. सिमेंट विटेला असं धरून बसलं होतं, की दोघांना एकदमच फोडावं लागे. कोपरापासून खांद्यापर्यंत हात भरून आला. भिंतीचा राग येत होता. ती सहज फुटली असती, तर त्याहून जास्त आला असता. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा पलीकडचा उजेड दिसला. भोक बोटाएवढं, अगदी गोल. त्यातून वायर आत गेली आणि तिच्या टोकाला एक छोटा डबा बसला.

सुनेने आत जाऊन पहिल्यांदाच दार लावून घेतलं. बायकोने मुद्दाम मोठं पातेलं ओट्यावर आदळलं आणि कान देऊन उभी राहिली. आत सून बोलतच होती. दार लावलेलं, भिंत एवढी जाड, आवाज जाणार कुठून? शनिवारी तिच्या वरिष्ठ बाईंचा पुन्हा फोन आला. नोकरी राहिली.

सोमवारी कंपनीचा माणूस बिल घेऊन आला. खालच्या ओळीवर ओळंब्याचं बोट थांबलं.

"भिंतीला भोक पाडण्याचं शुल्क?"

"हो काका."

"भोक मी पाडलं."

"कुणी पाडलं ते कंपनी विचारत नाही. भोक आहे की नाही, एवढंच विचारते."

"आणि तुझं यंत्र माझ्या भिंतीने मोडलं, ते?"

"ते बिलात घातलेलं नाही. तुमच्याकडे बघून."

सुनेचा पहिला पगार अजून व्हायचा होता. ओळंब्याने खिशात हात घातला. परक्याच्या न्हाणीत दोन दिवस उकिडवं बसून मिळवलेली मजुरी होती. ती त्याने दिली: आपल्या हाताने बांधलेल्या भिंतीला आपल्याच हाताने पाडलेल्या भोकाचे पैसे म्हणून.