द्वारकाबाईचा मास्क

द्वारका माझ्याकडे अठरा वर्षं पोळ्या करते. करमाडची लेक, मुकुंदवाडीची सून, वय पन्नाशीच्या आसपास. उंची बेताची, चालणं भराभर, बोलणं कमी. आमच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत ती तीन घरांचा स्वयंपाक करायची. लाटणं मात्र स्वतःचं. करमाडच्या बाजारात सुताराकडून करून घेतलेलं, मधे जरा फुगीर. ते पिशवीत घालून घरोघरी नेते. दुसऱ्याच्या लाटण्याने तिचा हात चालत नाही.

तिचा नवरा पुंजाराम शेंद्र्याच्या कारखान्यात होता. २०१८ साली त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि द्वारकाने आपली एक दिली. ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्यात ती कामावर आली, तेव्हा मी तिला रागावले होते. पुंजारामला आता जन्मभर गोळ्या आहेत. त्याच्या शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणून त्या गोळ्या शरीराचं भांडणंच बंद पाडतात. मग साधा खोकलाही त्याला दवाखान्यात नेऊ शकतो. डॉक्टरांनी द्वारकाला समोर बसवून सांगितलं होतं की, घरात आजार आणायचा नाही. तेवढं एक वाक्य तिने धरून ठेवलं. म्हणून सगळ्यांचे मास्क उतरले तरी तिचा उतरला नाही.

आता इमारतीबद्दल. माझ्या रोजनिशीत २० मे २०२० च्या पानावर मी सोसायटीची नोटीस जशीच्या तशी उतरवून ठेवली आहे. कामाच्या बायकांनी गेटजवळच्या नळावर हातपाय धुवावेत, लिफ्ट वापरू नये, जिन्याच्या कठड्याला हात लावू नये. रामकिसन वॉचमन त्यांच्या कपाळावर तापमानाची बंदूक धरी आणि वहीत आकडा लिही. चौथ्या मजल्यावरच्या भानुमतीने तर द्वारकाच्या चपलांवर आणि पदरावर औषधाचा फवारा मारला होता. त्याच आठवड्यात भानुमतीचा मुलगा पुण्याहून आला. तो लिफ्टने वर गेला. त्याच्या कपाळावर कोणी काही धरलं नाही.

माझ्या सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या. सोवळ्याला रोग कळत नव्हता, माणूस आपल्यातला की बाहेरचा एवढंच कळत होतं. आमच्या सुशिक्षित इमारतीने त्या साली तेच सोवळं पुन्हा बाहेर काढलं आणि त्याला खबरदारी असं नाव दिलं. भानुमतीचे यजमान व्यंकटराव सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिशीखाली बारा घरांच्या सह्या त्यांनीच गोळा केल्या. बारावी सही माझी.

२०२२ चा पाडवा आला. सरकारने मास्कची सक्ती उठवली होती. भानुमतीकडे पुण्याहून मुलगा, सून, नातवंडं आली होती आणि पंधरा पानांचा पुरणपोळीचा बेत होता. द्वारका सकाळी सातला माझ्याकडचं उरकून वर गेली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं.

पाहुणे यायच्या वेळी भानुमतीने तिला मास्क काढायला लावला. सणाच्या दिवशी असं तोंड बांधून वाढणं अशुभ दिसतं, लोकांना वाटेल आमच्याच घरात कोणी आजारी आहे, असं तिचं म्हणणं. द्वारकाने पुंजारामची आठवण करून दिली. भानुमती म्हणाली, दोन वर्षं झाली, आता किती दिवस बाऊ करणार आहेस. मुलगा तुपाची वाटी मागायला ओट्यापाशी आला आणि तिथेच खोकला. द्वारकाने सरळ विचारलं, दादांना बरं नाही का. भानुमती म्हणाली, हवा बदलली की त्याला असं होतं.

द्वारकाने मास्क काढून कमरेला खोचला. तीन तास ती त्या ओट्यापाशी होती.

मधला दिवस तिच्या सुट्टीचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मागच्या दाराशी उभी राहिली. आत येईना. अंग तापलं होतं. आदल्या संध्याकाळपासून घसा खवखवत होता, म्हणून रात्री ती घराबाहेर ओट्यावर झोपली होती. उजाडताच महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन तपासून घेतलं. तिथली नर्स म्हणाली म्हणे, आता यासाठी कोणी येत नाही हो. तपासणीत कोरोनाच निघाला.

"काकू, मला घरी जाता येत नाय," एवढंच ती म्हणाली.

माझं घर तळमजल्यावर. माझे यजमान अनंतराव वकिली करत तेव्हा मागची खोली त्यांचं ऑफिस होती. तिला वेगळं दार आहे, मोरी आहे. मी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरले. सात दिवस ती तिथे राहिली. मी दोन वेळा ताट दाराबाहेर ठेवायची, ती ते घासून परत ठेवायची. माझ्या पोळ्या नकाशासारख्या होतात, हे तिने बंद दाराआडून मला सांगितलं. पुंजाराम मुकुंदवाडीत एकटा खिचडी करून खात होता. ती दिवसातून चार वेळा फोन करून त्याला खोकून दाखवायला लावायची.

चौथ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. दाराबाहेर खुर्ची टाकून मी तिला सांगितलं की, त्या नोटिशीवर माझीही सही होती.

आतून ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. गेटावर लावली व्हती की. सगळ्यात खाली तुमची."

"तुला वाचता येतं?"

"सातवी झालीय करमाडच्या शाळेत. तुम्ही कधी इचारलंच नाय."

अठरा वर्षं मी तिला चिठ्ठीऐवजी तोंडी निरोप ठेवत आले होते. त्या दिवशीच्या पानावर मी तेवढंच लिहिलं आहे.

सहाव्या दिवशी भानुमती माझ्याकडे द्वारकाची चौकशी करायला आली. काळजी पोळ्यांची होती. मी सगळं सांगितलं, तर ती जरा चपापली आणि मग हसून म्हणाली की, पाडव्याच्या सकाळी मुलाने घरच्या घरी तपासलं होतं.

"दोन रेघा आल्या होत्या, पण पुसट होत्या हो मावशी. आणि पंधरा जणांना बोलावून झालं होतं."

मी तिला जा म्हटलं. माझ्या आवाजाने ती दचकली. त्याच संध्याकाळी व्यंकटरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की, द्वारकाबाईंना संसर्ग झाल्याचं कळलं आहे, तरी त्यांनी प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय इमारतीत येऊ नये. ती इमारतीतच होती. खाली दहा जणांनी अंगठे दाखवले. मी त्याखाली पाडव्याची तारीख, मुलाचा खोकला आणि दोन रेघा लिहिल्या. व्यंकटरावांनी मला फोन करून समजावलं की, अशा गोष्टी चारचौघांत लिहिण्याच्या नसतात.

आठव्या दिवशी द्वारकाची तपासणी स्वच्छ आली. ती मास्क लावून चौथ्या मजल्यावर गेली, लिफ्टने. मी सोबत गेले. पाडव्याच्या गडबडीत तिचं लाटणं तिथेच राहिलं होतं. भानुमतीने दार उघडलं आणि ती गोड आवाजात म्हणाली की, उद्यापासून ये, हवा तर मास्क ठेव बाई, माझी काही हरकत नाही.

"मास्कासाठी नाय वहिनी," द्वारका म्हणाली. "तुम्ही सांगितलं असतं, तर म्या दुसऱ्या दिशी दुप्पट सैपाक करून घातला असता. तुम्हाला ठाव व्हतं, अन् तुम्ही मला ओट्यापाशी उभी केली. माझं लाटणं द्या."

भानुमतीने माझ्याकडे पाहिलं आणि लाटणं आणून दिलं. द्वारकाने ते माझ्या मोरीत साबणाने आणि कढत पाण्याने तीनदा धुतलं.

पुंजाराम तिला न्यायला आला होता. मी तिला सोडायला गेटपर्यंत गेले. बारीक अंगाचा, मास्क लावलेला, लुनाला टेकून उभा. तो तिला पाहून पुढे आला, तशी रामकिसनने सवयीने बंदूक उचलली आणि त्याच्या कपाळावर धरली. त्या बंदुकीतले सेल दिवाळीतच संपले होते. तरी रोज सकाळी तो प्रत्येक बाईच्या नावापुढे सत्त्याण्णव लिहीत होता, कारण व्यंकटराव वही तपासत. त्यांच्या मुलाचं नाव त्या वहीत एकदाही नाही. मी पहिल्या पानापासून पाहिली.

मी रामकिसनच्या हातातून ती बंदूक काढून घेतली. तो म्हणाला, "साहेब इचारतील, काकू."

"माझं नाव सांग," मी म्हटलं.

ती बंदूक माझ्या टेबलाच्या खणात आहे. व्यंकटरावांनी दोनदा मागितली. द्वारका आता या इमारतीत फक्त माझ्याकडे येते, मास्क लावून. दार उघडायला जाताना मीही लावते.