बँडशिवाय आणलेलं पाणी

आमच्या गावात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर जात, कळशी भरून आणत आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालत. माझ्यासाठी आईने तांब्याची कळशी कधीचीच घेऊन ठेवली होती. बी.ए.चा निकाल लागला आणि मी घरात सांगितलं, मला कॉन्व्हेंटात जाऊन सिस्टर व्हायचंय.

घरातली पहिली पदवीधर मीच. आईबाबांनी केळीची वाडी शिंपून, पहाटे मोगरा खुडून मला कॉलेजात धाडलं होतं. आता मी गावच्या शाळेत शिकवीन, मग उमेळ्याकडचं एखादं स्थळ येईल, एवढीच त्यांची अपेक्षा. बाबा म्हणाले, देवाने मागितलं तर आपण नाही कसं म्हणायचं? आई काहीच बोलली नाही. पुढेही बोलली नाही. कामापुरतं बोलायची, जेवायला वाढायची, पण त्या विषयावर एक शब्द नाही. तिला असं दुखवून निघाले, तर देवाला मी नेमकं काय देणार होते? माझं, की तिचं?

निघायच्या आदल्या दिवशी आत्या भेटायला आली. आल्याआल्या म्हणाली, "बरं केलंस बाय. सासू नाही, नणंद नाही. नवरा म्हणजे देवच, तोही उलटून बोलणारा नाही." सगळे हसले. आई उठली, फळीवरची कळशी घेतली आणि एकटीच विहिरीवर गेली. तिथे शेजारणीने बँड कुठाय म्हणून विचारलं, तर ती खाली मान घालून पाणी ओढत राहिली म्हणे.

घरामागच्या दगडावर तिने मला बसवलं. माझी वेणी सोडली. पाणी गार होतं, ती हळूहळू ओतत होती. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

"उरलेलं राहू दे," ती म्हणाली. "परत आलीस तर?"

काही मुली परत येत. सुरुवातीची वर्षं ती वाट मोकळीच असते, हे मलाही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्या उरलेल्या पाण्याचा मला आधार वाटला. ते तसंच राहू द्यावं, असं मनात आलं. पण मग माझं निघणंही अर्धंच झालं असतं.

"सगळं ओत, आई."

तिने ओतलं. रिकामी कळशी बाजूला ठेवून ती माझे केस पुसत बसली. केस कोरडे झाले तरी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा मला एस.टी.ने पोहोचवायला आले. आई स्टॉपपर्यंत आली नाही. कॉन्व्हेंटच्या फाटकाशी बाबांनी ट्रंक ठेवली, गळ्याभोवतीचा टॉवेल सारखा केला आणि वळले.

सगळं दिलं की देव लगेच आत भरून येतो, अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. संध्याकाळी चॅपेलमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना अनोळखी मुली होत्या. बाहेर कुणीतरी पंपाने झाडांना पाणी देत होतं. वाडीत आता कोण असेल, हे मला इथून सांगता आलं असतं. घंटा झाली, तशी मी इतरांबरोबर गुडघे टेकले आणि येत होत्या त्या प्रार्थना म्हणू लागले. कुणी ऐकतंय असं वाटत नव्हतं. तरी शेवटपर्यंत म्हटल्या.